आईच्या खात्यावर किती?

बँकेत रोज जमा-नावे जुळवणाऱ्या माझ्याकडून घरचाच हिशेब चुकला. वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा आम्ही भावांनी पाळीपाळीने रजा टाकून तीन महिने त्यांना बिदरला फिजिओथेरपीसाठी नेले. पुढे आईचा खुबा मोडला. ऑपरेशन झाले, व्यायामाला मात्र ती चारदाच गेली. "घरात फिरते की मी, कशाला खर्च?" असे ती म्हणाली आणि आम्ही ते सोयीने मान्य केले. आज ती वॉकरशिवाय उठत नाही.

पाळी गेल्यावर हाडे ठिसूळ होतात, म्हणून खुबा मोडण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक. म्हणजे जिला गरज जास्त, तिच्याच फेऱ्या कमी! जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेमुळे भालकी-बिदर सरकारी बस स्त्रियांना मोफत आहे. अडचण तिकिटाची नाही, सोबतीची आहे.

सीमाभागातील मराठी माणूस मागण्यांची निवेदने देत आला आहे. व्यायामाची माहितीपत्रके कन्नडबरोबर मराठीतही मिळावीत, हीही मागणी त्यात घालू या. पण आईला हात धरून नेण्याची मागणी कोणत्या सरकारकडे करणार? ती रजा आपणच टाकायची आहे.