मदत आली, पण कुणाच्या नावावर?

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात कोसळलेला पाऊस आपण विसरलेलो नाही. काढणीला आलेलं सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, कुठे तर मातीच वाहून गेली. 7 ऑक्टोबरला सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा ऐकून आमच्या बचत गटात सगळ्यांचेच डोळे विस्फारले. मग हिशोब मांडला. कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, फळबागेला 22,500, आणि रब्बीच्या पेरणीसाठी वेगळे 10,000. दीड एकर कोरडवाहूवालीला नुकसानीचे 5,100 आणि रब्बीचे 6,000. एवढ्यात काय काय भागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

पण माझं दुखणं वेगळं आहे. हे पैसे जातात खातेदाराच्या खात्यात, म्हणजे सातबारावर ज्याचं नाव त्याच्या. खुरपणी तिची, काढणी तिची, कागद मात्र दुसऱ्याचा. 2015-16च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत बायका जेमतेम 14 टक्के होत्या.

माझ्या ओळखीची एक बाई आहे. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, त्याच्याआधी सासरे. जमीन अजून सासऱ्यांच्याच नावावर. पंचनामा झाला, तो करताना बांधावर उभी होती हीच. यादीत नाव आलं सासऱ्यांचं. केंद्रावर आधार प्रमाणीकरणासाठी अंगठा मागितला. आता तो कुणाचा द्यायचा? वारस नोंद करायला गेली तर सासू, दीर, नणंदा सगळ्यांची नावं लागणार, आणि सामाईक खात्याचे पैसे एकीला हवेत तर बाकीच्यांचं संमतीपत्र. दीर म्हणतात, "वहिनी, बघू दिवाळीनंतर." कोणती दिवाळी, ते काही सांगत नाहीत.

तलाठ्याला शिव्या देऊन भागत नाही. कागद न बघता पैसे वाटले तर भलताच कुणी घेऊन जाईल, हेही खरंच. म्हणून कागदच आधी नीट करायला हवा, आणि तो पूर येण्याआधी. एप्रिल 2025 पासून सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, एवढाच तिचा उद्देश. आमच्याकडे तिची दवंडी पुरुषांच्या पारावर पोचली, चुलीपर्यंत नाही. मोहीम असो नसो, वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे कधीही देता येतो. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन जा, अर्जाची पोच मागून घ्या. तोंडी "होईल, होईल" वर उठून येऊ नका.

ज्यांचे धनी हयात आहेत त्यांनीही ऐका. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने पूर्वी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली होती, तेव्हा कितीतरी गावांत पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. आज हा विषय घरात काढला तर "माझ्यावर विश्वास नाही का?" असं ऐकायला मिळतं. विश्वासाचा प्रश्नच नाही हो, अंगठ्याचा आहे.

आणि एक. मदतीचे पैसे बँकेने जुन्या कर्जात वळते करून घ्यायचे नाहीत, असं मदतीच्या शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. तरी कापून घेतले, तर तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या, आणि त्याची एक प्रत तहसीलदारांकडेही.

त्या बाईचा वारस नोंदीचा अर्ज आम्ही गेल्या सोमवारी दिला. सासूबाई सोबत आल्या होत्या. दीर अजून यायचे आहेत.