‘पडीक’ माळाचा हिशेब

वैरागहून सोलापूरकडे निघाले की नान्नजच्या आसपास काळ्या रानांच्या मधूनमधून मुरमाड माळ दिसू लागतो. महसुलाच्या दप्तरात या जमिनीची नावे ‘पडीक’, ‘पोटखराबा’ किंवा फार तर ‘गायरान’. जी जमीन सारा देत नाही ती निरुपयोगी, ही इंग्रजी अमदानीची व्याख्या. स्वराज्य आले तरी ती सुटली नाही. १९८५ साली केंद्राने पडीक जमिनीच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापिले, तेव्हाही माळ पडीकच राहिला.

मे महिन्यात हा माळ मेल्यासारखा भासतो. पहिला वळीव पडताच जो मृद्गंध सुटतो, तो मुख्यतः मातीतील स्ट्रेप्टोमायसीससारख्या जिवाणूंनी बनविलेल्या द्रव्याचा असतो. कवींनी त्या गंधावर पुष्कळ लिहिले; तो निर्माण करणाऱ्या कामकऱ्यांची दखल मात्र कोणी घेतली नाही! त्याच घटकेला निपचित पडलेले सूक्ष्मजीव जागे होतात, सेंद्रिय द्रव्यावर तुटून पडतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोट हवेत सुटतो. केनियात काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ साली हा प्रकार मांडला व तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

कुसळी, मारवेल, पवन्या ही गवते आपल्या कमाईचा मोठा हिस्सा मुळांवाटे जमिनीत जमा करतात. सूक्ष्मजीव त्यातील काही श्वासावाटे हवेला परत करतात. काही त्यांच्या मृत देहांच्या रूपाने मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे राहतो. जगातील मातीच्या वरच्या एक मीटर थरात असा सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे वातावरणातील कार्बनच्या दीडपटीहून अधिक.

तापमान वाढल्यावर या ठेवीचे काय होते? ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ पासून एका कुरणावर अवरक्त किरणांचे दिवे टांगून जमीन सुमारे २ अंशांनी तापविली. २०१२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार सहज कुजणाऱ्या द्रव्याचे विघटन करणारी जनुके वाढली. चिवट द्रव्याचे विघटन करणारी तशी वाढली नाहीत. चालू खात्यातील उचल वाढली, मुदतीची ठेव बरीचशी शाबूत राहिली. हा दिलासा खरा; परंतु त्या कुरणावर नांगर फिरला नव्हता, यंत्राने चर खोदले गेले नव्हते. माती उलथली की आत दडलेला कार्बन सूक्ष्मजीवांच्या तोंडी पडतो आणि मुळांचा भरणाही थांबतो. उष्णता जे सावकाश करील, ते यंत्र एका हंगामात करते.

आणि यंत्र हवामानाच्याच नावाने येत आहे, ही यातील क्रूर थट्टा. नान्नज परिसरात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. त्या माळावरही वनीकरण म्हणून गिरिपुष्प लावले गेले. उघड्या गवताळ रानाचा पक्षी झाडीत राहत नाही, एवढेही ध्यानात घेतले गेले नाही. ‘ग्रीन क्रेडिट’साठी २०२४ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या पद्धतीत पडीक जमिनीवर झाडे लावून पत मिळविण्याची सोय झाली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायराने सौर प्रकल्पांकडे गेली. सौर विजेला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र तिची किंमत मेंढपाळाने चराईत आणि गावाने मातीत मोजावी, याचा हिशेब कोणत्याही प्रकल्प अहवालात मांडावयास हवा होता.

येथे एक अवघड प्रश्न आहे व तो समाजवाद्यांनी टाळू नये. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाची मागणी पडीक जमीन कसणाऱ्यास द्यावी हीच होती आणि ती न्याय्य होती. माळाच्या रक्षणाचे निमित्त करून पोटासाठी गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबाला हुसकावणे हा अन्यायच ठरेल. त्याचे दोन एकर आणि भाडेपट्ट्याने जाणारे शेकडो एकर एका तराजूत तोलता येत नाहीत. भूमिहीनाला जमीन द्यावयाची तर ती कमाल मर्यादेच्या कायद्यातून निसटलेल्या सुपीक जमिनीतून द्या, ही मागणी आपणच अर्धवट सोडली होती.

गायरान कोणाच्याही हवाली करण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव आणि मातीतील सेंद्रिय कार्बनची मोजणी, या दोन्ही गोष्टी सक्तीच्या असाव्यात. वैराग परिसरातील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी तहसील कचेरीतून गायरानांची यादी काढावी आणि धनगरांना विचारून, कोणत्या माळावर कोणते गवत उरले आहे, ते तिच्यापुढे नोंदवावे.