मोजल्याशिवाय मोडू नका

सुतारकाम शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींसाठी आज आम्ही पियानोची गोष्ट सांगतो. आपल्या वस्तीत हे वाद्य क्वचितच दिसेल, पण त्यातला धडा आपल्या कामाचा आहे.

पियानोच्या तारांखाली स्प्रूस लाकडाची पातळ फळी असते. जाडी साधारण ८ ते ९ मिलिमीटर. तिला साउंडबोर्ड म्हणतात. ती मध्यभागी किंचित फुगीर असते. तिच्यावरच्या लाकडी घोडीवरून तारा जातात व फळीवर दाब पडतो. दाब फार झाला तर आवाज कोंडतो, कमी पडला तर दुबळा होतो. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारांचा दाखला दिला, तो आठवावा.

फळी तडकली, बसली की ती बदलतात. जाणता कारागीर तेव्हा पान्याच्या आधी वही उचलतो. तारा ताणलेल्या असतानाच दाब मोजतो. फळीच्या पाठीला दोरा ताणून फुगवटा पाहतो. घोडीची जागा, लोखंडी चौकटीची उंची, तारांची जाडी लिहून ठेवतो. तारा उतरवल्यावर फुगवटा पुन्हा मोजतो, कारण भार गेला की फळी वर येते. सारे एकदा सुटले की पहिली मापे परत मिळत नाहीत.

आपल्या वाडवडिलांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या हत्यार होते. वही मात्र हाती येऊ दिली नव्हती. आज दोन्ही आहेत. अंदाजाने केलेले काम कुणीही खोटे पाडील, लिहिलेले माप सहजी पडणार नाही. म्हणून मुलांनो, पहिल्या मजुरीतून मोजपट्टी आणि वही घ्या.