भयपटाचा प्रारंभ : त्रास आणि भय

अमरावती-अकोल्याकडील महाविद्यालयांत काय किंवा अन्यत्र काय, मराठीच्या वर्गात चित्रपटाचा विचार होतो तेव्हा तो बहुधा कथानकापाशी थांबतो. मूळ कथा कोणती, चित्रपटाने तिच्यातील काय वगळले, शेवट का बदलला, एवढ्या प्रश्नांत माध्यमांतराची चर्चा आटोपते. अन्य प्रकारच्या चित्रपटांबाबत ही उणीव एकवेळ खपून जाईल. भयपटाच्या बाबतीत मात्र तिच्यामुळे अभ्यासविषयच हातातून निसटतो. कारण भयपटाच्या पहिल्या काही मिनिटांत कथानक असे फारसे नसतेच. असते ते कॅमेऱ्याचे स्थान, आवाजाची दिशा आणि संकलकाने ताणलेला किंवा तोडलेला वेळ.

या घटकांच्या विवेचनासाठी लागणारी परिभाषा साहित्याच्या अभ्यासकाजवळ नाही, असेही नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगताना भरताने आरंभी ‘विकृत रव’ ठेवला आहे. भुताखेतांचे दर्शन, कोल्ही-घुबडे, ओसाड घर, अरण्य हे सारे त्यानंतर येते. केवळ क्रमावरून सिद्धान्त उभारणे धाडसाचे ठरेल, हे खरे. परंतु डोळ्याआधी कान घाबरतो, ही गोष्ट विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीलाही पक्की ठाऊक होती. ‘मालतीमाधव’च्या पाचव्या अंकात स्मशानात हिंडणाऱ्या माधवाला मालती प्रथम दिसत नाही, पडद्यामागून तिचा आक्रोश ऐकू येतो, तो ओळखीचा वाटतो आणि त्या आवाजाच्या रोखाने तो कराला देवीच्या मंदिराकडे जातो. प्रेक्षकही कानाने आधी तेथे पोहोचलेला असतो.

भरताचा आणखी एक भेद येथे अधिक उपयोगी आहे. ‘भय’ हा स्थायी भाव होय. ‘त्रास’ हा तेहेतीस व्यभिचारी भावांपैकी एक. वीज कडाडली की माणूस दचकतो, तो त्रास. तो येतो आणि जातो. आपल्याकडील कितीतरी भयपट या त्रासावरच गुजराण करतात : दार करकरते, मांजर उडी मारते आणि पार्श्वसंगीताचा एक ठोका कानठळ्या बसवतो. प्रेक्षक दचकतो, लगेच हसतो आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहू लागतो. याला भयनिर्मिती म्हणणे म्हणजे गुदगुल्यांना हास्यरस म्हणण्यासारखे आहे.

भय स्थायी करायचे तर माहिती रोखून धरावी लागते. कमाल अमरोहींच्या ‘महल’ (1949) मध्ये हे काम वादळी रात्र, ओसाड वाडा आणि माळ्याच्या तोंडची पूर्वकथा एवढ्यावर भागते. योसेफ विर्शिंग यांच्या छायालेखनातील अंधार वाड्याच्या खोल्यांचा आकार निश्चित होऊ देत नाही. त्यानंतर येणारा गाण्याचा आवाज दुरून जवळ येत जातो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी आपण ध्वनिक्षेपकापासून दूर उभे राहून गात गात त्याच्याकडे चालत आलो, असे लता मंगेशकर यांनी सांगितलेले आहे. म्हणजे येथे अंतर हाच आशय आहे. गाण्याचे शब्द लिहून घेऊन त्यांचा अर्थ लावीत बसणाऱ्याला हे अंतर कधीच ऐकू येणार नाही.

कादंबरीच्या अभ्यासकांना निवेदकाचा दृष्टिकोन हा विषय परिचयाचा आहे. जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोवीन’ (1978) चा प्रारंभ त्या दृष्टीने मुद्दाम पाहावा. कॅमेरा घराबाहेरून खिडकीत डोकावतो, स्वयंपाकघरातून सुरी उचलतो, जिना चढतो. मधे तोडल्याची जाणीव प्रेक्षकाला होऊ दिली जात नाही. त्यामुळे त्या नजरेतून बाहेर पडायला त्याला वाटच उरत नाही. मुखवटा चढवल्यावर तर दोन भोकांतूनच दिसते. खुनानंतर मुखवटा निघतो, नजर प्रथमच बाहेर येते आणि सुरी धरून उभे असते ते सहा वर्षांचे पोर. प्रथमपुरुषी निवेदकाची ओळख दडवण्याची युक्ती गूढकथेला नवी नाही. पण ‘मी’ हा शब्दही न वापरता ती साधणे कॅमेऱ्यालाच शक्य आहे.

मराठी अभ्यासकाला जवळचा असा अलीकडचा दाखला राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (2018) चा. चित्रपट हिंदी, पण माती मराठी. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारे. बीज नारायण धारपांच्या कथेचे; तेही 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितल्यामुळे बर्वे यांच्या कानी पडलेले. भरताच्या यादीत भयप्रद गोष्टींचे नुसते ‘श्रवण’ही विभाव म्हणून येते, याची येथे आठवण व्हावी.

या चित्रपटाला खरे तर दोन प्रारंभ आहेत. पहिल्यात निवेदकाचा आवाज हस्तरची पुराणकथा सांगतो. दृश्ये भव्य आहेत, पण भय नाही. सारे सांगून टाकलेले असते. दुसरा प्रारंभ 1918 च्या पावसात होतो आणि तोच खरा. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यात पाऊस थांबतच नाही, उजेड दिव्यापुरता उरतो. साखळदंडात ठेवलेल्या म्हातारीविषयी मुलांच्या धास्तीतून पुष्कळ कळते, तिचे दर्शन मात्र लांबत जाते. तिला झोपवण्यासाठी हस्तरचे नाव घ्यावे लागते. म्हणजे भयाचे वाहन इथेही उच्चारलेला शब्दच. दुसऱ्या प्रारंभाने पहिल्याची गरजच उरू दिलेली नाही, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होऊ नये.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (2017) ने उसाचे रान निवडले, यालाही असाच अर्थ आहे. वऱ्हाडच्या कपाशीच्या शेतात नजर दूर बांधापर्यंत जाते. उसात ती चार हातांवर अडते. जिथे नजर अडते तिथे पानांची सळसळ निवेदन हाती घेते.

सी. पी.-बेरार या वितरणक्षेत्राचे अमरावती हे एक मोठे ठाणे. पेट्यांतून आलेली रिळे येथून गावोगावी गेली. त्या रिळांत संकलकाने कुठे कापले, याकडे मात्र वाङ्मयाच्या वर्गाने क्वचितच पाहिले. त्यासाठी महागडी साधनेही नकोत. ‘तुंबाड’मधील 1918 च्या प्रारंभाची दहा मिनिटे वर्गात एकदा पडदा झाकून नुसती ऐकवावीत, दुसऱ्यांदा आवाज बंद करून दाखवावीत, आणि म्हातारी प्रत्यक्ष दिसण्यापूर्वी तिच्याविषयी कोणती गोष्ट कोणत्या इंद्रियाने कळली, हे विद्यार्थ्यांना क्रमवार लिहायला सांगावे.