विश्लेषण : जुन्या शिडाच्या बोटीला शर्यतीत किती सूट द्यायची? ‘पोर्ट्समथ यार्डस्टिक’चा पेच

गल्ली क्रिकेटमध्ये ‘कच्चा लिंबू’ कोण, हे ठरवायला सूत्र लागत नाही. कोणाचा तरी धाकटा भाऊ बॅट घेऊन आला, की तो पहिल्या चेंडूवर बाद झाला तरी पुन्हा खेळतो. ब्रिटनमधील सेलिंग क्लबांत मात्र हा प्रश्न दर रविवारी नव्याने उभा राहतो. तिथे धाकट्या भावाच्या जागी असते पन्नास-साठ वर्षांची लाकडी बोट आणि तिच्या शेजारी कार्बनच्या डोलकाठीची नवी कोरी बोट. दोघी एकाच शर्यतीत. जुनीला सूट मिळायला हवी, हे बहुतेकांना मान्य असते. किती, यावर भांडण आहे.

डिंगी आणि हॅण्डिकॅप

‘डिंगी’ हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला. बंगाली-हिंदीतील छोट्या होडीचे नाव इंग्रजांनी उचलले आणि आता ते एक-दोन जणांनी चालवायच्या, नांगराविना किनाऱ्यावर ओढून ठेवता येणाऱ्या शिडाच्या बोटीला वापरले जाते. अशा बोटींचे ब्रिटनमध्ये अनेक वर्ग आहेत. एकाच वर्गाच्या पंधरा-वीस बोटी असतील, तर जो आधी पोहोचला तो जिंकला. पण लहान क्लबात एका वर्गाच्या दोन, दुसऱ्याच्या तीन, तिसऱ्याची एकच अशी परिस्थिती असते. सगळ्यांना एकत्र पळवायचे, तर वेळेचा हिशेब करावा लागतो.

त्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर झिलवुड मिलेज यांनी पोर्ट्समथ परिसरातील शर्यतींसाठी एक पद्धत आखली. तीच ‘पोर्ट्समथ यार्डस्टिक’. आज ती रॉयल यॉटिंग असोसिएशन (आरवायए) ही राष्ट्रीय संघटना चालवते आणि प्रत्येक वर्गाच्या आकड्यांची यादी दरवर्षी जाहीर करते.

सूत्र काय सांगते?

शाळेतल्या त्रैराशिकाएवढेच गणित आहे. शर्यतीला लागलेल्या वेळेला १००० ने गुणायचे आणि बोटीच्या आकड्याने भागायचे. आकडा जितका मोठा, तितकी बोट संथ. लेझर (आता तिचे नाव आयएलसीए ७) ११०० च्या आसपास आहे, मुलांची ऑप्टिमिस्ट १६४० च्या आसपास, मिरर १३९० च्या आसपास.

समजा लेझरने ५५ मिनिटांत, म्हणजे ३३०० सेकंदांत शर्यत संपवली. तिचा सुधारित वेळ ३००० सेकंद. मिररचा आकडा १३९० धरला, तर तिला बरोबरी साधायला ४१७० सेकंद, म्हणजे ६९ मिनिटे ३० सेकंद मिळतात. लेझरवाला कपडे बदलून चहा घेत असताना मिरर शेवटचा वळसा घेत असते आणि तरीही जिंकू शकते. डकवर्थ-लुईसची सवय असलेल्या आपल्या वाचकाला यात नवल वाटू नये. आकडा चुकला तर होणारी चिडचिडही ओळखीचीच वाटेल.

आकडा येतो कुठून?

इथे खरी गंमत आहे. कोणी बोटीची लांबी, वजन, शिडाचे क्षेत्रफळ मोजून आकडा काढत नाही. क्लब आपापल्या शर्यतींचे निकाल पाठवतात. कोणत्या वर्गाची बोट अपेक्षेपेक्षा किती पुढे-मागे आली ते पाहिले जाते आणि त्यावरून आकडा थोडा सरकवला जातो. दिवस खराब गेलेले, फारच मागे पडलेले निकाल सरासरीतून वगळतात. इंजिनीअरिंगला असताना आम्हीही आलेखावरचे दूरचे ठिपके असेच ‘आउटलायर’ म्हणून पुसायचो. ते ठिपके कोणाचे होते, हे विचारायचे सुचत नसे.

म्हणजे हा आकडा त्या वर्गाच्या बोटी ‘सध्या जे लोक, जशा चालवत आहेत’ त्याचा वेग सांगतो. लेझरचेच पाहा. काटेकोर एकसाच्याची बोट, हलचा आकार दशकानुदशके तोच. साधारण पंधरा वर्षांपूर्वी तिचा आकडा १०७८ होता, आता ११०० च्या आसपास. बोट संथ झाली नाही. भोवतालचा ताफा आणि चालवणारे बदलले.

मग जुन्या बोटींची तक्रार काय?

मर्लिन रॉकेट हे या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण. १४ फुटांची, दोन जणांची, एकावर एक फळी चढवलेल्या बांधणीची ही बोट. पण तिचा वर्ग ‘विकसनशील’ आहे. लांबी वगैरे मर्यादा नियमात बांधलेल्या, त्यांच्या आत आकार बदलायची रचनाकाराला मोकळीक. त्यामुळे साठच्या दशकातील मर्लिन आणि आजची मर्लिन यांचे नाव एक, पण जुनी अरुंद आहे, आजची रुंद आणि ताठ, कार्बनच्या डोलकाठीची. वर्गाचा आकडा पूर्वी १००० च्या आसपास होता, आता ९८० च्या आसपास आहे. हा वेग वाढवला नव्या बोटींनी आणि त्या चालवणाऱ्या पट्टीच्या खेळाडूंनी. भुर्दंड मात्र जुन्या बोटीलाही बसला. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तासाच्या शर्यतीत एक टक्का म्हणजे ३६ सेकंद. क्लबच्या शर्यतीत तेवढ्या वेळात चार-पाच क्रमांक इकडचे तिकडे होतात.

त्यात वर सांगितलेली गाळणी. जुनी बोट फार मागे पडली, तर तिचा निकाल हिशेबातूनच जातो. म्हणजे आकडा ठरवताना तिचे मत धरले जात नाही आणि ठरलेला आकडा तिलाच लावला जातो. ही पद्धत लबाड आहे असे मी म्हणणार नाही. ती वर्गासाठी बनवली आहे, एकेका बोटीसाठी नाही. पण ज्या वर्गात ‘वर्ग’ ही एक वस्तूच उरलेली नाही, तिथे एकच आकडा लावणे हे मोजमाप म्हणून कच्चे आहे.

दुसरी तक्रार लयाला चाललेल्या वर्गांची. देशभरात मोजक्या बोटी उरल्या, की निकाल येत नाहीत, आकडा गोठतो किंवा यादीतून बाहेर पडतो. मग क्लबचा मानद सचिव अंदाजाने काहीतरी लिहितो.

वयावरून सूट का देत नाहीत?

सोपा उपाय वाटतो : दर दहा वर्षांना एक टक्का. पण बोटीचे वय म्हणजे नक्की कशाचे वय? लाकूड वर्षानुवर्षे पाणी पिऊन जड होते, फायबरग्लास सैल पडतो, हे खरे. मात्र जुन्या हलवर नवे शीड, नवे सुकाणू, नवी डोलकाठी चढवली, की ती बऱ्यापैकी नव्यासारखी धावते. शिडाचा फरक अनेकदा हलपेक्षा जास्त पडतो. नुसते बांधणीचे वर्ष पाहिले, तर जुने बूड घेऊन त्यावर हजारो पौंड ओतणाऱ्यालाच सर्वाधिक फायदा. ज्याने काहीशे पौंडांत बोट घेतली आणि आहे त्या शिडावर भागवतो, तो तिथेच.

शिवाय वारा. मंद वाऱ्यात जुनी-नवी यांत फार अंतर पडत नाही. वारा वाढला, की हलकी नवी बोट पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून घसरत सुटते आणि जड बोट तिथेच ढकलत राहते. एकच आकडा दोन्ही दिवसांना कसा पुरेल? अमेरिकेत यासाठी वाऱ्याच्या जोरानुसार वेगवेगळे आकडे वापरण्याची सोय आहे. ब्रिटनमध्ये काही मोठ्या जलाशयांवरील स्पर्धा ‘ग्रेट लेक्स’ नावाचे स्वतंत्र आकडे वापरतात, कारण मोकळ्या पाण्यावरचा हिशेब झाडांनी वेढलेल्या तळ्यावर लागू पडत नाही.

गोल्फसारखा खेळाडूलाच हॅण्डिकॅप द्यावा, असेही कोणी सुचवते. त्याने आठवडाभर सगळे खूश राहतील. पण बोटीतील फरक भरून काढायचा होता, आपण कौशल्यातला फरक पुसून टाकला. चांगले चालवायला शिकलेल्याला शिक्षा, असा त्याचा अर्थ निघतो.

जुन्या बोटींच्या लोकांनी काय केले?

त्यांनी आपली वेगळी वाट शोधली. क्लासिक अँड व्हिंटेज रेसिंग डिंगी असोसिएशन ही संघटना जुन्या बोटींच्या वेगळ्या स्पर्धा घेते. मर्लिन रॉकेटवाल्यांची जुन्या बोटींसाठी ‘डी मे’ मालिका आहे. लंडनच्या पश्चिमेला क्वीन मेरी जलाशयावर जानेवारीत होणाऱ्या ‘ब्लडी मेरी’ शर्यतीत तर संथ बोटी आधी सुटतात, वेगवान नंतर, आणि वेळ संपताना जो पुढे तो जिंकतो. आकडे तेच, फक्त भागाकार सुटण्याआधी उरकलेला.

पण वर्षातून चार वेळा ट्रेलरवर बोट घालून दुसऱ्या गावी जाणे सगळ्यांना जमत नाही. प्रश्न घरच्या क्लबातील रविवारचा आहे.

आमच्या धंद्याचा एक धागा

एण्टरप्राइझ ही डिंगी १९५६ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ या दैनिकाच्या पाठिंब्याने आली. तिच्या प्रसिद्धीसाठी दोन बोटींनी रात्रीतून इंग्लिश खाडी ओलांडली होती. पुढे ‘डेली मिरर’ने जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची प्लायवूडची, घरी जोडता येणारी मिरर लोकांपर्यंत नेली. लाल शिडाच्या त्या ७० हजारांहून अधिक बोटी बनल्या. समुद्र फक्त श्रीमंतांचा राहू नये, हा त्यामागचा हेतू. (वर्तमानपत्रे वाचकांना कूपनवर बादल्या नाही, तर बोट द्यायची, असाही काळ होता.) एण्टरप्राइझ आणि फायरबॉल हे ब्रिटिश वर्ग १९८२ च्या एशियाडमध्ये मुंबईच्या पाण्यात धावले आणि फायरबॉलमध्ये फारुख तारापोर-झरीर करंजिया जोडीने सुवर्ण जिंकले.

त्याच स्वस्त बोटी आज ब्रिटिश क्लबांच्या आवारात ताडपत्रीखाली पडून आहेत. नव्याने शिकणाऱ्या विशीतल्या मुलाला परवडते ती हीच. तो तीन रविवार शेवटून दुसरा आला, की चौथ्या रविवारी येत नाही.

मग करायचे काय?

नियम बदलायची गरजच नाही. आरवायएची यादी मार्गदर्शक आहे. स्थानिक निकालांवरून क्लबांनी आकडे बदलावेत, अशी या पद्धतीची मूळ अपेक्षाच आहे. विकसनशील वर्गातील जुन्या बोटीला क्लबने ‘मर्लिन, जुनी रचना’ असा वेगळा वर्ग मानावा. सरसकट वय न पाहता रचना आणि शीड पाहावे. हंगामाच्या सुरुवातीला आकडा फलकावर लावावा, कारणासह, आणि मधेच हात लावू नये. एका हंगामाचे निकाल आले, की तो पुन्हा तपासावा. दोन टक्क्यांची सूट जास्त झाली असेल तर एक करावी.

हे लिहिणे सोपे आहे, हे मान्य. बहुतेक क्लब यादीला चिकटून राहतात, याचे कारण गणित नसते. छापील आकडा लावला, तर दोष यादीचा. स्वतः बदलला, तर शर्यत हरलेला सभासद चहाच्या टेबलाशी येऊन उभा राहतो आणि सचिवाला विचारतो, ‘हे वीस गुण तुम्ही कुठून आणले?’