डिस्चार्ज कार्डावर खरे निदान लिहा

मेडिक्लेमचे दावे नाकारले गेल्याच्या तक्रारी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या डॉक्टर सभासदांकडून गेले काही महिने सातत्याने येत आहेत. पत्रे वेगवेगळी, पण रुग्ण जणू एकच. तिशी-चाळिशीतला, रोज लोकलने जा-ये करणारा. छातीत दाब, धडधड, दरदरून घाम, हातापायांना मुंग्या आणि आता आपण वाचत नाही अशी भीती. घरचे त्याला मध्यरात्री घेऊन येतात. ईसीजीत किरकोळ बदल असतो, वडिलांना पन्नाशीच्या आत अटॅक येऊन गेलेला असतो, म्हणून आपण दाखल करून घेतो. काही तासांनी पुन्हा ट्रोपोनिन, सकाळी टूडी इको. सगळे नॉर्मल. पॅनिक अटॅक होता, हे स्पष्ट होते. इथपर्यंत सगळे शास्त्राला धरून झालेले असते. बिघडते ते डिस्चार्ज कार्ड लिहिताना.

कार्डावर पॅनिक डिसऑर्डर लिहिले की विमा कंपनीसाठी दावे तपासणारा टीपीए कळवतो : केवळ तपासण्यांसाठी दाखल केले, एक्सक्लूजन ०४, दावा अमान्य. त्याच रुग्णाच्या कार्डावर ‘अक्यूट गॅस्ट्रायटिस’ लिहिले तर दावा सुटतो, असा सभासदांचा अनुभव आहे. मग नातेवाईक गळ घालतात, “डॉक्टर, तेवढं ॲसिडिटीचं लिहा ना.” बिलिंगच्या टेबलावरूनही तोच सल्ला येतो. आणि आपल्यातले अनेक जण तसे लिहून देतात.

याची किंमत रुग्ण मोजतो. तो पँटोप्राझोल घेऊन घरी जातो आणि पंधरा दिवसांत पुन्हा तसाच घाबराघुबरा होऊन दुसऱ्या रुग्णालयात पोचतो. पुन्हा इको, मग स्ट्रेस टेस्ट, मग सीटी अँजिओ, मग एंडोस्कोपी. गर्दीच्या गाडीत चढायची धास्ती बसते, रजा संपतात, नोकरी डळमळते. औषधाने आणि समुपदेशनाने आटोक्यात येणारा हा आजार. पण त्याचे नाव रुग्णाला कोणी सांगितलेलेच नसते, कारण ते कागदावर आलेले नसते.

कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१(४) नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचे आहे. विमा नियामकाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी सर्व कंपन्यांना तसे कळवले. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मानसिक आजाराचा नाकारलेला दावा मान्य करताना हेच कलम आधाराला घेतले. आता मानसिक आजार थेट वगळता येत नाही, म्हणून तो तपासणीच्या कलमाखाली बाहेर काढला जातो. यातली विसंगती पाहा. ट्रोपोनिन पॉझिटिव्ह आले तर ती तपासणी उपचाराचा भाग, निगेटिव्ह आले तर निव्वळ तपासणी. म्हणजे रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाचा सकाळचा रिपोर्ट डॉक्टरला आधीच ठाऊक असायला हवा. असा निकष लावणाऱ्याने कॅज्युअल्टीत एक रात्र उभे राहून दाखवावे.

मात्र आपल्या कार्डांमध्येही खोट आहे. ‘चेस्ट पेन फॉर इव्हॅल्युएशन’ एवढेच लिहून सही ठोकली, तर टीपीएच्या डॉक्टरला दुसरे काय दिसणार? एक्सक्लूजन ०४ प्रामुख्याने निदानासाठी केलेल्या भरतीला लागू होते. तेव्हा भरती का अटळ होती ते लिहा : लक्षणे, जोखमीचे घटक, पहिला ईसीजी, ट्रोपोनिन पुन्हा करण्याचे कारण. त्याखाली अंतिम निदान आयसीडी कोडसह, म्हणजे एफ ४१.०. दिलेले उपचार, मनोविकारतज्ज्ञांचे मत आणि फॉलोअपची तारीख. एवढे करूनही दावा फेटाळला तर रुग्णाला आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि तिथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे पाठवा. लोकपालाकडे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. आणि गरज नसताना केवळ मेडिक्लेम आहे म्हणून रुग्ण भरती करणाऱ्या सभासदांना एवढेच सांगणे आहे की, तुमच्यामुळे खऱ्या रुग्णांच्या फायलींकडेही संशयाने पाहिले जाते.

हा प्रश्न पैशांपुरता असता तर त्यावर संपादकीय खर्ची घातले नसते. चुकीचे निदान कागदावर गेले की पुढचे सगळे उपचार चुकीच्या वाटेने जातात. आणि मनाचा आजार ओळखला नाही तर त्याची किंमत शरीरही मोजते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माँट्रियलच्या संशोधकांनी हार्ट अटॅकनंतरच्या २२२ रुग्णांचा मागोवा घेतला. डिप्रेशन असलेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांतले मृत्यू कितीतरी जास्त होते. आपल्याकडे अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाचे लिपिड प्रोफाइल नेमाने होते. झोप लागते का, जगण्यात रस आहे का, हे विचारले जात नाही. मधुमेह्यांमध्ये डिप्रेशनचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असते. एचबीएवनसी खाली येत नाही म्हणून आपण तिसरी गोळी वाढवतो, मग इन्सुलिनवर येतो. पहिल्या दोन गोळ्या रुग्ण घेतच नाही आणि का घेत नाही, हे विचारायचे राहून जाते.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी जातात, आणि त्यातले बरेचसे मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांमुळे होतात. ओलांझापीन चालू असलेल्या रुग्णाचे वजन, कंबर आणि साखर नियमित मोजणारे दवाखाने किती? जुनी सायकियाट्रीची फाइल दिसली की छातीतले दुखणे ‘मनाचे’ ठरवून मोकळे होणे हा गुन्हाच आहे. अशा रुग्णाचाही ईसीजी आधी काढा. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय थकव्याला डिप्रेशन म्हणू नका. आणि अल्प्राझोलामची तीच चिठ्ठी महिनोन्‌महिने रिपीट करणे थांबवा. ते औषध शेड्यूल एच-वनमध्ये उगाच घातलेले नाही.

ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था याच शहरात उभी राहिली. तरी डोंबिवलीचा रुग्ण ‘गॅस वर चढतो’ म्हणत आधी आपल्याकडेच येतो आणि पुढेही येत राहील. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात चिंता-नैराश्याच्या सर्वसाधारण आजारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्या ओपीडीत बसणाऱ्याला इथले चित्र निराळे वाटणार नाही. गोव्यात चोवीस दवाखान्यांत झालेल्या आणि २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ अभ्यासात, प्रशिक्षित समुपदेशक नेमल्यावर सरकारी केंद्रांतले जास्त रुग्ण बरे झाले. खाजगी फॅमिली डॉक्टरांकडे समुपदेशकाने फरक पडला नाही, कारण तिथले रुग्ण एरवीही चांगले सुधारत होते. ओळखीच्या डॉक्टरने नीट ऐकून घेतले की काय होते, हे त्यातून दिसते.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी आपल्या आरोग्य केंद्रांतल्या बीपी-शुगरच्या ओपीडीत प्रशिक्षित समुपदेशक बसवावेत, ही आमची मागणी आहे. कोविडमध्ये खाजगी डॉक्टर ‘डॉक्टर आर्मी’ म्हणून कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि शहराला स्मार्ट सिटी स्पर्धेत कोविड नावीन्याचा पुरस्कार मिळाला. ते बळ आजही इथेच आहे. महापालिकेने हाक द्यावी.

तोपर्यंत सभासदांनी थांबू नये. प्रत्येक मधुमेही आणि हृदयरुग्णाला दोन प्रश्न विचारा : गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असे झाले का? उदास, निराश वाटत राहिले का? उत्तर होकारार्थी आले तर पूर्ण पीएचक्यू-९ भरून घ्या, आणि जीव नकोसा होण्याबद्दलचा नववा प्रश्न कधीही गाळू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक वेटिंग रूममध्ये ठळक लावा. आणि फेटाळलेल्या दाव्यांच्या पत्रांच्या प्रती, रुग्णाचे नाव खोडून, आमच्याकडे पाठवा. त्या एकत्र करून विमा नियामकासमोर ठेवण्याची जबाबदारी आमची. सभासदांनी फक्त एक निर्धार करावा : यापुढे कोणाच्याही आग्रहाखातर कार्डावर खोटे निदान लिहायचे नाही.