मर्कलचं चुकलं, पण एकट्याचंच?

बेसबॉल म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी माहीत असतात. एक, तो अमेरिकेत खेळतात. दोन, तो क्रिकेटसारखाच काहीतरी असतो. माझंही ज्ञान बरेच दिवस एवढंच होतं. मग १९०८ च्या सीझनबद्दल वाचायला घेतलं आणि दोन रात्री त्यातच गेल्या. (सबमिशन बाजूला राहिलं ते वेगळंच!)

त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये न्यूयॉर्क जायंट्स, शिकागो कब्ज आणि पिट्सबर्ग पायरेट्स अशा तीन टीम शेवटपर्यंत एकमेकींना चिकटून होत्या. २३ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स विरुद्ध कब्ज अशी मॅच होती. जायंट्सचा नेहमीचा फर्स्ट बेसमन फ्रेड टेनी पाठदुखीमुळे बसला, म्हणून फ्रेड मर्कल नावाच्या मुलाला त्या सीझनमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळवलं. वय १९. म्हणजे आपल्याकडे सेकंड इयरचा मुलगा.

पुढची गंमत कळायला एक नियम समजून घ्यावा लागेल. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. बॅटर बॉल मारून पहिल्या बेसकडे पळतो आणि सगळे बेस फिरून परत आला की एक रन. आता बॅटर पहिल्या बेसवर येतोय म्हटल्यावर तिथे आधीच उभा असलेल्याला जागा खाली करून दुसऱ्या बेसवर जावंच लागतं. तो पोचायच्या आत फील्डरने बॉल घेऊन दुसऱ्या बेसला पाय लावला की तो आउट. आणि तिसरा आउट असा झाला, तर त्या बॉलवर निघालेला रन धरत नाहीत.

नववा म्हणजे शेवटचा डाव, स्कोअर १-१, दोन आउट. मर्कलनेच चांगला हिट मारला आणि त्याच्या जोरावर मूस मॅककॉर्मिक तिसऱ्या बेसवर पोचला. मर्कल पहिल्यावर. पुढच्या अल ब्रिडवेलने बॉल सेंटरला मारला, मॅककॉर्मिक घरी आला. जिंकलो! पब्लिक मैदानात घुसलं. तेव्हा मॅच संपली की लोक मैदानातूनच बाहेर पडायचे. मर्कलने ती गर्दी पाहिली आणि दुसऱ्या बेसला पाय न लावताच क्लबहाउसकडे वळला.

कब्जचा जॉनी एव्हर्स मात्र बॉल द्या, बॉल द्या म्हणून ओरडत होता. त्या गोंधळात त्याने एक बॉल मिळवला (तो तोच बॉल होता का, यावर लोक अजून भांडतात) आणि दुसऱ्या बेसवर उभा राहिला. अंपायर हँक ओ'डे यांनी मर्कलला आउट दिलं. रन रद्द. गर्दी आणि अंधार यामुळे पुढे खेळणं शक्यच नव्हतं, मॅच टाय धरली गेली. सीझनच्या शेवटी जायंट्स आणि कब्ज बरोबरीत आले, म्हणून ती मॅच ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवली. कब्ज ४-२ ने जिंकले आणि एका विजयाने लीग घेऊन गेले: कब्ज ९९, जायंट्स ९८, पायरेट्सही ९८. मग वर्ल्ड सीरिजही त्यांनीच जिंकली. त्यानंतरची त्यांना २०१६ मध्ये मिळाली!

आणि मर्कल? त्याला 'बोनहेड' हे नाव पडलं. बोनहेड म्हणजे अक्षरशः मठ्ठ. तो पुढे कितीतरी वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळला, काही वर्षं तर खुद्द कब्जकडून. पण नाव काही सुटलं नाही.

आता माझा मुद्दा. ओ'डेंचा निर्णय नियमाने बरोबर होता, त्यात मला शंका नाही. पण शेवटचा रन निघाला की उरलेल्या रनरने बेसला पाय न लावता पळणं ही तेव्हा सगळ्यांचीच सवय होती. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये वॉरन गिल या खेळाडूने अगदी हेच केलं होतं. तिथेही एव्हर्सच होता, अंपायर ओ'डेच होते, आणि रन धरला गेला. कब्जची तक्रार लीगने फेटाळली. १९ दिवसांनी तोच नियम लागू झाला. जायंट्सच्या एकाही सीनियरला ती बातमी या पोराच्या कानावर घालावीशी वाटली नाही का? शिवाय सीझनच्या शेवटच्या आठवड्यात फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलेस्कीने पाच दिवसांत तीनदा जायंट्सला हरवलं. त्यातली एक मॅच जिंकली असती तरी पुरलं असतं. त्या हरण्याचं नाव कुणाला पडलं नाही. मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांनी मात्र मर्कलला दोष दिला नाही आणि टीममध्येही ठेवलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

क्रिकेटमध्ये याच्या उलट झालंय. १९४७ मध्ये सिडनी टेस्टमध्ये विनू मांकडांनी बिल ब्राउनला क्रीज सोडली म्हणून रन आउट केलं. आधीच्या एका मॅचमध्ये त्याला ताकीदही दिली होती. तरी नाव चिकटलं ते मांकडांना. २०२२ मध्ये कुठे ते 'अनफेअर प्ले'च्या नियमातून काढून साध्या रन आउटमध्ये टाकलं. म्हणजे एकीकडे नियम मोडणारा बदनाम, दुसरीकडे नियम पाळायला लावणारा. ज्या सवयीमुळे हे सगळं झालं, ती दोन्हीकडे नामानिराळी!

हे सगळं मी का लिहितोय? फर्स्ट इयरला आम्ही हॉस्टेलवर आलो तेव्हा सीनियर्सनी सांगितलं, रात्री दहानंतर आलात तर गेटवरच्या रजिस्टरवर सही करायची असते, पण कोणी करत नाही. आम्हीही केली नाही. एका रात्री चेकिंग झालं आणि आमच्यातला एक जण सापडला. घरी पत्र गेलं, वडील गावाहून एसटीने आले. नियमाप्रमाणेच झालं, रेक्टर सरांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून त्याचं नाव 'रजिस्टर' पडलं. आज आम्ही थर्ड इयरला आहोत, मेसमध्ये अजून त्याला त्याच नावाने हाक मारतात. ज्युनियर्सना तर त्याचं खरं नाव माहीतही नाही. त्या रात्री मी त्याच्या पाच मिनिटं आधी गेटमधून आत आलो होतो, सही न करता. आणि ते नाव मीही वापरलंय.

नियम ठेवायचा असेल तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना लावा, नसेल तर ते रजिस्टर उचलून ठेवा. काल रात्री मुद्दाम पाहिलं. दहानंतरच्या पानावर दोन सह्या होत्या. एक माझी, एक त्याची.